उंदरात मेंदूची सूज उतरते, मग माणसात काहून नाही?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मार्चमधे तुझ्या काकांना उजव्या बाजूनं लकवा मारला, दवाखान्यात पोचेपर्यंत नऊ तास गेले होते, सीटीच्या रिपोर्टवर मेंदूला सूज असल्याचं लिहून आलं, डॉक्टरांनी मॅनिटॉल चालू केलं. तू एम. फार्म करून राहिलास, फार्मॅकॉलॉजीत, आणि गाईडनं मेंदूच्या सुजेवरच प्रोजेक्ट सुचवलाय. तुझं म्हणणं असं की उंदरात ही सूज उतरवणारी औषधं पेपरांमधे ढिगानं सापडतात, मग काकांच्या वेळेला त्यातलं एकही कसं नव्हतं, निदान स्टिरॉइड तरी का दिलं नाही, आणि हा प्रोजेक्ट घ्यावा की सोडावा.

मी वीसेक वर्षं नागपुरातच उंदरांच्या मेंदूवर काम करतोय, स्ट्रोक (म्हणजे मेंदूचं रक्त अडून येणारा लकवा) आणि रक्तवाहिन्या हाच विषय, त्यामुळं जरा लांबच लिहितो, दोन बैठकीत वाचलंस तरी चालेल.

आधी तो सूज शब्दच बघू कारण अर्धा घोळ तिथं आहे. आपण मराठीत पाय मुरगळून पाणी धरलं तरी सूज म्हणतो आणि हिरडी लाल होऊन ठणकायला लागली तरी सूजच म्हणतो. मेंदूच्या बाबतीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिपोर्टवर होती ती इडिमा, म्हणजे पाणी. रक्त थांबलं की पेशीला इंधन मिळत नाही, सोडियम बाहेर फेकणारा पंप बंद पडतो, सोडियम आत जातं आणि त्याच्या मागं पाणी, पेशी फुगतात. मग काही तासांनी रक्तवाहिनीची भिंतच गळायला लागते आणि रक्तातलं पाणी थेट मेंदूत पाझरतं. कवटी बंद डबा, फुगायला जागा नाही, म्हणून दुसऱ्या ते पाचव्या दिवसात धोका सगळ्यात जास्त असतो आणि डॉक्टर त्या दिवसांत पेशंटवर डोळा ठेवून असतात. मॅनिटॉल हे पाणी ओढतं, आणि खूपच झालं तर कवटीचा एक तुकडा काढून मेंदूला जागा करून देतात.

तुझ्या गाईडच्या डोक्यात आहे ती दुसरी सूज, इन्फ्लमेशन, दाह. तिथं पाणी नाही, पेशी कामाला लागलेल्या असतात. 2023 च्या सप्टेंबरमधे आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं ते आठव. पाणी हे एक संकट झालं. पाणी ओसरल्यावर जी माणसं आली, चिखल काढला, फुगलेले दरवाजे तोडले, भिजलेलं सामान बाहेर फेकलं, त्यात चांगलं सामानही गेलं, पण त्यांच्याशिवाय घर उभं राहिलं नसतं, ते इन्फ्लमेशन. आता सांग, साफसफाईवाल्यांना सरसकट हाकलून दिलं तर घराचं काय होईल?

स्टिरॉइडचं उत्तर इथंच आहे. मेंदूतल्या ट्यूमरभोवतीच्या पाण्यावर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड छान चालतं, त्यामुळं नातेवाईकांना वाटतं की इथंही चालेल, पण स्ट्रोकमधे ते देऊन बघून झालंय, फायदा दिसला नाही, वर शुगर चढते आणि इन्फेक्शनचा धोका. डॉक्टरांनी दिलं नाही ते बरोबर केलं.

आता या दाहाचं वेळापत्रक नीट समजून घे, कारण मला जे सांगायचंय ते सगळं त्या वेळापत्रकात आहे. रक्ताची गाठ वाहिनीत अडकल्यावर काही मिनिटांत रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चिकट होतं. मरणाऱ्या पेशी एटीपी, एचएमजीबी-1 असले रेणू बाहेर सोडतात, म्हणजे एका अर्थी आरडाओरडाच. तो ऐकते मायक्रोग्लिया, मेंदूची स्वतःची पहारेकरी पेशी, स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगानं 1919 मधे हिला वेगळी ओळखलं. ती तिच्या बारीक फांद्या आवरून गोल होते आणि आयएल-1 बीटा, टीएनएफ ही दाह पेटवणारी प्रथिनं सोडते. त्यानंतर पहिल्या एक ते तीन दिवसांत रक्तातले न्यूट्रोफिल, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, येतात, सोबत एमएमपी-9 नावाचं एन्झाइम आणतात, हे एन्झाइम म्हणजे कात्री, रक्तवाहिनीभोवतीचं जाळं कापते, ब्लड-ब्रेन बॅरिअर, म्हणजे रक्त आणि मेंदूमधला अडसर, उघडतो, आणि मग पाणीही येतं. दोन्ही सुजा इथं एकमेकींना भेटतात. त्यानंतर मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येतात, मेलेला भाग खायला सुरुवात होते, आणि आठवडाभरानं याच पेशी ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीला चालना देणारे रेणू, सोडतात, नवीन बारीक रक्तवाहिन्या फुटायला लागतात.

आणि ती कात्री, एमएमपी-9, तिचं काय झालं बघ. उंदरात पहिल्या दिवशी तिला रोखलं तर नुकसान कमी होतं. पण 2006 मधे एका गटानं दाखवलं की सातव्या दिवशी रोखलं तर सुधारणा बिघडते, कारण तेव्हा तीच कात्री नवीन वाहिन्यांना वाट करून देत असते. औषध तेच, उंदीर तोच, फक्त दिवस बदलला. म्हणून कोणी मला म्हटलं की आमचं औषध मेंदूचा दाह कमी करतं तर माझा पहिला प्रश्न असतो, कितव्या तासाला?

माणसात हे किती महागात पडू शकतं त्याचं एक उदाहरण देतो. पांढऱ्या पेशींना वाहिनीच्या भिंतीला चिकटूच द्यायचं नाही अशी कल्पना होती, त्यासाठी भिंतीवरच्या आयकॅम-1 या चिकट प्रथिनाला झाकणारी अँटिबॉडी बनवली, एन्लिमोमॅब. प्राण्यात कल्पना चालली होती. माणसात 625 पेशंटची ट्रायल झाली, 2001 मधे छापून आली, आणि औषध मिळालेल्यांची अवस्था जास्त वाईट निघाली. ती अँटिबॉडी माइसच्या (छोट्या उंदरांच्या) प्रथिनाची होती, माणसाच्या शरीरानं तिलाच परकं मानलं, ताप आला, ज्या पेशींना शांत करायचं होतं त्याच चवताळल्या.

दुसरं उदाहरण एनएक्सवाय-059. हे फ्री रॅडिकल पकडणारं औषध, त्या वेळी प्राण्यांतला पुरावा सगळ्यात भक्कम याचाच मानला जायचा, 1999 मधे स्टेअर नावाचे नियम आले होते की प्राण्यात औषध कसं तपासावं, त्यात हे बऱ्यापैकी बसत होतं. 2006 मधे पहिली मोठी ट्रायल थोडी बरी आली, 2007 मधे दुसरी आली आणि काहीच फायदा नाही. त्याच 2006 साली एका टीमनं मोजदाद केली की तोवर स्ट्रोकवर प्रयोगात 1026 उपाय करून बघितले गेले होते. एक हजार सव्वीस! पहिल्या काही तासांत खरंच काम करणारं तेव्हा एकच औषध हातात होतं, गाठ विरघळवणारं अल्टेप्लेज, ते 1995 च्या ट्रायलमधून आलं, तीन तासांच्या आत, मग 2008 मधे साडेचार तास झाले. 2015 पासून तारेनं गाठ ओढून काढणं आलं आणि 2018 पासून मेंदूची मोठी नळी, म्हणजे रक्तवाहिनी, बंद असलेल्या निवडक पेशंटमधे ते 24 तासांपर्यंत करता येतं. म्हणजे जे जिंकलं ते सगळं नळी मोकळी करणारं, पेशी वाचवायला निघालेलं जवळपास सगळं हरलं.

का हरलं ते लॅबच्या टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही, म्हणून तुला टेबलावरच नेतो. आमच्याकडं उंदीर म्हणजे बहुतेक वेळा पांढरा विस्टार रॅट, अडीचशे-तीनशे ग्रॅमचा. गुंगी दिल्यावर मानेवर मधोमध चीर, मायक्रोस्कोपखाली कॅरोटिड, म्हणजे डोक्याकडं रक्त नेणारी मोठी वाहिनी, शोधायची, शेजारी व्हेगस नर्व्ह असते तिला धक्का लावायचा नाही. बाहेरच्या कॅरोटिडच्या तोडलेल्या टोकातून नायलॉनचा धागा, टोकाला सिलिकॉन चढवलेला, मेंदूची वाहिनी अडवायला आत सरकवायचा, दोन फाटे लागतात, चुकीच्या फाट्यात गेला तर धागा लवकरच अडतो, बरोबर गेला तर अठरा-वीस मिलिमीटरवर बोटाला अगदी हलका विरोध लागतो. तो विरोध ओळखायला शिकणं हेच या कामाचं अर्धं शिक्षण आहे. जोरानं ढकललं की वाहिनी फाटून ब्लीडिंग, कमी सरकवलं की स्ट्रोक होतच नाही. लेझर डॉपलर असेल तर स्क्रीनवर रक्ताचा वेग धपकन खाली येताना दिसतो. नव्वद मिनिटं, एकशेवीस मिनिटं, जे ठरलं असेल ते, मग धागा ओढून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी मेंदू काढून दोन-दोन मिलिमीटरचे काप, आणि ते टीटीसीच्या द्रावणात 37 अंशावर ठेवायचे. जिवंत भागातली एन्झाइम त्या रंगाला लाल करतात, मेलेला भाग पांढराच राहतो. पंधरा-वीस मिनिटांत एका बाजूला गुलाबी चढत जातो आणि दुसरीकडं पांढरा डाग जसाच्या तसा, मी हे शेकडो वेळा पाहिलंय तरी दर वेळी पोटात कालवतं, कारण तो डाग बघताना मला पेशंटचा हातच दिसतो.

आता माझ्या स्वतःच्या हातून काय झालं ते सांगतो, तुला उपयोगी पडेल. सुरुवातीच्या वर्षांत मी एका लॅबमधे होतो, एका वनस्पतीच्या अर्कावर काम होतं. अर्क टिकत नव्हता, सकाळी ताजा बनवावा लागायचा, म्हणून औषधाच्या ग्रुपचे उंदीर आम्ही सकाळी ऑपरेट करायचो आणि नुसतं व्हेइकल, म्हणजे औषध नसलेलं द्रावण, मिळणारे दुपारी. महिना मे. रिझल्ट असा की डाग निम्म्यावर, आम्ही सगळे आनंदात, पेपर लिहायला घेतला. पावसाळ्यात पुन्हा केला तर फरक गायब. अर्क बदलला, धागा बदलला, काही सापडेना. शेवटी जुन्या शीट काढून बसलो तेव्हा वेळेच्या रकान्यावर नजर गेली. मे महिन्यात दुपारी दोनला त्या खोलीचा एसी दम तोडायचा, दोनदा तर लाइटच गेली होती, उंदराखालचा हीटिंग पॅड साधा, आपोआप कमी-जास्त होणारा नाही. दुपारचे उंदीर नुसतेच तापले होते. दीड-दोन अंश ताप चढला की स्ट्रोकचा डाग वाढतो आणि थंड पडला की कमी होतो, हे तर पुस्तकातलंच आहे. आमच्या औषधानं काहीच केलं नव्हतं, आम्ही नागपूरचं ऊन मोजून आलो होतो. त्यासाठी जे उंदीर गेले त्यांचं मला आजही वाईट वाटतं, आणि तो पेपर पाठवला नाही याचं समाधान आहे.

असे किती पेपर पाठवले गेले असतील जगभर, विचार कर. ज्या प्रयोगात चिठ्ठ्या टाकून ग्रुप पाडले नाहीत, मोजणाऱ्याला ग्रुप माहीत होता, तिथं औषध जास्त चांगलं दिसतं, एनएक्सवाय-059 च्या प्राण्यांतल्या अभ्यासांची नंतर छाननी झाली त्यात हेच निघालं. पांढऱ्या डागाची कडा कधीच सरळ नसते, कॉम्प्युटरचा माउस धरून ती रेष आखताना हात कुठं वळवायचा हे मनातली आशा ठरवते. खोटं कोणी करत नाही, पण डोळा पक्षपाती असतो.

आणि उंदराचं वयही बघ. आमचा उंदीर तीन महिन्यांचा, तरुण, शुगर नाही, बीपी नाही, नळ्या कोऱ्या. तुझ्या काकांच्या नळ्या वीस वर्षं आतून खरवडल्या गेल्यात, बीपी, शुगर, वरून तंबाखू-सुपारीचा खर्रा. तू लिहिलंस दिवसाला सहा-सात पुड्या, तर ते ऐकून मला जराही नवल वाटलं नाही, आपल्याकडच्या स्ट्रोकच्या वॉर्डात खर्ऱ्याची हिस्टरी नसलेला माणूस शोधावा लागतो असं मला तरी वाटतं. अशा नळीच्या भिंतीत दाह आधीच धुमसत असतो. 2017 मधे कॅन्टॉस ट्रायल आली, दहा हजारांवर हार्टचे पेशंट, फक्त आयएल-1 बीटा अडवला, कोलेस्टेरॉलला हात लावला नाही तरी पुढचे झटके कमी झाले. नळीच्या आजारात दाह हे नुसतं लक्षण नाही, कारणातही त्याचा हात आहे, हे माणसात पहिल्यांदा नीट दिसलं. पण जीवघेणी इन्फेक्शनही थोडी वाढली, साफसफाईवाले हाकलले की हे होणारच. बीपीचा उंदीर हवा तर आहे, जपानमधे क्योटोला 1963 मधे ओकामोटो आणि आओकी यांनी वंशानंच बीपी चढणारी जात तयार केली, नंतर तिच्यातून आपोआप स्ट्रोक होणारीही निघाली. महाग पडते, सांभाळायला अवघड, म्हणून बहुतेक लॅब तरुण विस्टारवरच काम उरकतात.

हळदीचं तू विचारलंस. वायगावच्या हळदीचा मलाही अभिमान आहे, वर्ध्याची आहे, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. पण लॅबमधे हळदीतलं करक्युमिन बहुतेक वेळा थेट पोटाच्या पोकळीत इंजेक्शननं जातं, आणि तोंडावाटे घेतलेलं रक्तात फारच थोडं पोचतं. भाजीतली हळद खा, तिच्यानं लकवा बरा होईल असं कोणाला सांगू नकोस. तसंच सिटिकोलिनचं, आपल्याकडं स्ट्रोकनंतर हे औषध सर्रास लिहिलं जातं, 2012 मधे सुमारे 2300 पेशंटच्या ट्रायलमधे त्याचा फायदा दिसला नव्हता. काका घेत असतील तर ते डॉक्टरांशी बोला, मनानं काही बंद करू नका. गावाकडून कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं असेल तर मात्र सरळ नाही म्हणा.

लॅबमधली एक गोष्ट काकांच्या आज कामाची आहे. माइसमधे स्ट्रोक केला की काही दिवसांत त्यांना आपोआप न्यूमोनिया होतो, कारण मेंदूत दाह पेटलेला असताना बाकी शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू स्वतःच दाबून टाकतो. माणसातही असंच होतं, त्यात गिळणं बिघडलेलं, घास श्वासनळीत जातो. आधीच अँटिबायोटिक देऊन बघितलं, मोठ्या ट्रायलमधे त्यानं काही साधलं नाही. त्यामुळं काकांना आडवं झोपवून चहा पाजू नका, ताठ बसवूनच पाजा, आणि ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

प्रोजेक्टचं. घे. पण आपल्या भागात बसून हा विषय करायचा तर माझ्या मनात एक वेगळी दिशा आहे, ती गाईडपुढं ठेवून बघ. विदर्भात सिकलसेल किती आहे तुला माहीत आहे, नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत गडचिरोली, चंद्रपूरहून आलेली लेकरं रोज दिसतात. या आजारात वाकड्या झालेल्या लाल पेशी वाहिनीच्या अस्तराला घासतात, चिकटतात, अस्तरात कायम दाह राहतो आणि मेंदूची मोठी नळी हळूहळू अरुंद होते. आठ-दहा वर्षांच्या पोराला लकवा. नळी अरुंद झाली की रक्ताचा वेग वाढतो, तो डोक्याबाहेरून डॉपलरनं मोजता येतो, 1998 च्या अमेरिकेतल्या ट्रायलमधे ज्या मुलांचा वेग सेकंदाला 200 सेंटिमीटरच्या वर होता त्यांना नियमित रक्त दिलं तर पहिला स्ट्रोक नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झाला. म्हणजे लकवा येण्याआधी कळतो आणि टाळता येतो! इथं तुला धागाही नको आणि उंदीरही नको, पेशंटच्या रक्ताचा सीरम, कल्चरमधल्या वाहिनीच्या पेशी, त्या किती चिकट होतात ते मोजायचं. एथिक्स कमिटीची परवानगी लागेल, घरच्यांची लेखी संमती लागेल, पण दोन वर्षांत होण्यासारखं काम आहे आणि ते इथंच झालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गाईड उंदरावरच अडून बसले तर तेही कर, नीट कर. अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीला अर्ज करतानाच किती उंदीर लागतील त्याचं गणित मांड, मागाहून वाढवत बसू नकोस. औषध धागा घालायच्या आधी देऊ नकोस, कोणताच पेशंट लकव्याच्या आधी येत नाही, धागा काढून काही तासांनी दे. नर आणि मादी दोन्ही घे. चोवीस तासांच्या डागावर थांबू नकोस, उंदीर चार आठवडे जगव आणि पुढचे पंजे कसे वापरतो ते बघ, तुझे काका तरी डाग किती मिलिमीटरचा ते विचारून राहिले का, ते शर्टाचं बटण लागेल का विचारतात. अमेरिकेत आता सहा लॅबनी मिळून असंच केलं, सहा उपाय, अडीच हजारांवर माइस आणि रॅट, म्हातारे, लठ्ठ, बीपीचे सगळे, मोजणाऱ्याला ग्रुप माहीत नाही, आणि शेवटी एकटं युरिक अ‍ॅसिड टिकलं. बाकी पाच गळाले. मला ती बातमी 2023 मधली सगळ्यात चांगली बातमी वाटली, कच्चे उपाय उंदरातच गाळले गेले.

पहिला महिना फक्त धागे बनव, मायक्रोस्कोपखाली टोक एकसारखं येईपर्यंत. ग्रुपच्या चिठ्ठ्या तुझ्या मित्राला टाकायला लाव आणि कोड त्याच्याकडंच राहू दे. प्रत्येक दिवशी दोन्ही ग्रुपचे उंदीर घे, सकाळी थोडे, दुपारी थोडे. आणि ऑपरेशनच्या शीटवर खोलीचं तापमान आणि उंदराचं तापमान असे दोन रकाने सगळ्यात आधी आख, ऑपरेशन चालू असताना दर पंधरा मिनिटांनी भर, मे महिना असेल तर उंदीर शुद्धीवर येऊन पिंजऱ्यात गेल्यावरही भरत राहा.